सोनारानं भरलेले बारा सेल

नवरा जाऊन महिना व्हायच्या आत मी कामावर हजर झाले, याचं लोकांना फार आश्चर्य वाटलं. मला आश्चर्य वाटलं ते लोकांचं. घरी बसून मी काय करणार होते? येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा द्यायचा आणि त्यांचे सुस्कारे ऐकायचे. शिवाय तारीख माझ्या हातात नव्हती. मोठ्या एक्स-रे केंद्रातलं यंत्र आमच्यासारख्यांना वर्षातून एकदा मिळतं, तेही अर्ज-विनंत्या करून. तारीख हुकली की वर्ष बुडालं. म्हणून मी सेलचा डबा बॅगेत घातला आणि निघाले.

डबा सोनारानं भरलेला होता. सोनार म्हणजे माझा नवरा. दागिन्यांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तो आमच्याच प्रयोगशाळेत सेल बनवायचा. डोळ्याला भिंग लावून, चिमट्यानं कणभर वस्तू उचलून जागेवर ठेवत दिवसभर मान खाली घालून बसायचा, म्हणून सगळे त्याला सोनार म्हणायचे. मीही म्हणायचे, लग्नाच्या आधीपासून.

आमचं काम थोडक्यात सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जमिनीखाली खूप खोल दगड वितळलेला असतो. तिथे जाऊन बघायची सोय नाही, म्हणून तिथला दाब आणि तिथली उष्णता आम्ही वर आणतो. दगडात असतात तेच घटक घेऊन काच बनवायची, ती कुटून बारीकशा कॅप्सूलमध्ये भरायची, दोन ऐरणींच्या मध्ये धरून दाबायची, दाब तसाच ठेवून वितळेपर्यंत तापवायची आणि मग तिच्यातून एक्स-रे सोडायचे. स्फटिकातले अणू कवायतीला उभे असतात, त्यामुळे त्यांचं चित्र कसं लख्ख येतं. काचेत आणि द्रवात रांग नसते. कोणाच्या शेजारी साधारण किती जण, एवढंच काय ते ठरलेलं. दाब वाढला की दाटी होते आणि शेजारी वाढतात. ते किती वाढले हे मी मोजते. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, "म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चौकशा करायच्या आणि वर पगार घ्यायचा. मी तर जन्मभर हे फुकटात करत आले."

सेल असतो बोटाच्या पेराएवढा. मध्ये कॅप्सूल, तिच्याभोवती नळीसारखा हीटर, हीटरभोवती पांढरी पूड, वर-खाली झाकणं. एका बाजूला बारीक खाच, तापमान मोजायची तार तिच्यातून बाहेर येते. खरी कसोटी त्या पुडीची. ती चारी बाजूंनी सारखी ठासून भरावी लागते. एका बाजूला पोकळ राहिली की दाब चढताना कॅप्सूल तिकडे सरकते, हीटर फाटतो, आणि दिवसभराची मेहनत पाण्यात. एक सेल एकदाच वापरता येतो. नंतर त्याचा चुरा उरतो.

सोनाराचा सेल फुटला असं आमच्याकडे होत नसे. केंद्रात ज्याच्या ताब्यात ते दाबयंत्र असतं, त्याला आम्ही प्रेसवाला म्हणायचो. आडदांड माणूस, आवाज मात्र लहान मुलाला झोपवताना काढावा तसा. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाचा सेल तो दाबाआधी एक्स-रेखाली धरून आतून बघून घ्यायचा. सोनाराचे सेल थेट लावायचा. "यांचा सेल तपासायचा म्हणजे यांना शिवी देण्यासारखं आहे," असं म्हणायचा, आणि सोनार खूश होऊन त्याच्या पाठीत धपाटा घालायचा. ही आमची वर्षानुवर्षांची रीत होती.

आता तो कसा गेला ते.

भर दुपारी, कोरड्या सरळ रस्त्यावर त्याची गाडी पुलाच्या खांबावर गेली. समोरून कोणी आलं नव्हतं, आडवं कोणी गेलं नव्हतं. छाती चेपली आणि जागीच संपलं. ब्रेक दाबल्याची खूण रस्त्यावर नव्हती. हे वाक्य पोलिसानं मला बाजूला घेऊन, आवाज अगदी खाली आणून सांगितलं, पण अशी वाक्यं बरोबर सगळ्यांच्या कानावर जातात. त्यानंतर भेटायला येणारे माझ्याकडे वेगळंच बघायला लागले.

तोंडावर विचारलं ते फक्त ताईंनी. ताई म्हणजे माझी नणंद, त्याची मोठी बहीण. त्या दुसऱ्या गावी हॉस्पिटलात नर्स आहेत. सगळं आटोपल्यावर स्वयंपाकघरात कप विसळता विसळता म्हणाल्या, "एक विचारते, खरं सांग. तुमच्यात काही झालं होतं का? त्यानं मुद्दाम केलं का ग?"

"मला माहीत नाही ताई."

"तुला नाही तर कोणाला माहीत असणार?"

मी कप पुसून फळीवर ठेवला. खरोखरच मला माहीत नव्हतं, आणि मला दुसरं काही जाणून घ्यायचं नव्हतं. झोपताना तेच, उठताना तेच.

झालं होतं असं, की गेले काही महिने त्याचं माझ्यातून लक्षच उडालं होतं. भांडण नाही, तंटा नाही. मी बोलले तर कधी उत्तर द्यायचा, कधी भिंतीशी बोलल्यासारखं व्हायचं. बघायचा नाही माझ्याकडे. ताटात अर्धं टाकून उठायचा. आवडलं नाही का विचारलं तर म्हणायचा, "संपवलं की." डोकं दुखतंय अशी कुरकुर असायची, पण जन्मभर भिंग लावून बसणाऱ्याचं डोकं दुखणार नाही तर काय दुखणार? दाढी करायचा तीही कशीबशी, गालावर खुंट तसेच ठेवून. दाराला धडकायचा. एवढा नीटनेटका माणूस असा गबाळा व्हायला लागला, तेव्हा मी आपली एकच गोष्ट धरून बसले, की याला आता घरात रस राहिलेला नाही. वीस-बावीस वर्षांनी होत असेल असं. मग मीही हट्टाला पेटले. तू बोलत नाहीस तर मी तरी कशाला बोलू? एकदा मात्र न राहवून म्हणाले, "नसेल राहायचं माझ्याबरोबर तर सरळ सांग ना." त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "मी काय केलं?" त्या इकडेतिकडे बघण्याचा मला इतका राग आला, की मी खोलीतून निघून गेले.

हे ताईंना काय सांगणार?

रडू मला आलंच नाही. दाढ काढून आल्यावर गाल बधिर असतो. आपण बोलतो, पाणी पितो, ते हनुवटीवरून ओघळलं तरी समोरच्यानं सांगेपर्यंत कळत नाही. तसं माझं चाललं होतं. जेवत होते, झोपत होते, लोकांना धन्यवाद म्हणत होते. बँकेतल्या बाईनं मृत्यूचा दाखला मागितला तेव्हा मी तिला पेन आहे का विचारलं.

केंद्रात पोचले तेव्हा प्रेसवाला दारातच उभा होता. दरवर्षी हा माणूस येतोय हे दोन खोल्यांपलीकडून पावलांवरून कळतं. या वेळी पायांचा आवाज न करता आला आणि माझ्या हातातली बॅग घेतली.

"मॅडम, काय बोलू मी?"

"काही बोलू नका. पंप तपासलात का?"

"तपासला."

"मग सुरू करू."

डबा उघडला. बारा खणांत बारा सेल, प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीनं नंबर. एक नंबर सहा-सात महिन्यांपूर्वी भरलेला, बारा नंबर अगदी अलीकडचा, तो जायच्या आठवड्यातला. त्याच क्रमानं तो भरत आला होता. आम्ही नेहमी शेवटच्या नंबरापासून सुरुवात करतो. ताज्या पुडीला हवेतली ओल कमी लागलेली असते, त्यामुळे ती जास्त भरवशाची.

प्रेसवाला डब्याकडे बघत राहिला. मग चाचरत म्हणाला, "यातला एखादा ठेवून द्यायचा का मॅडम? तुमच्यासाठी?"

"ठेवून काय करू? शोकेसमध्ये मांडू? दाबायला केलाय तो. लावा."

त्यानं बारा नंबर दोन्ही हातांनी उचलला, खाच पुढे करून ऐरणीवर बसवला आणि नेहमीप्रमाणे न तपासता दार बंद केलं.

यंत्राची खोली जाड भिंतींची असते. एक्स-रे चालू असताना आत कोणी थांबत नाही, बाहेर पडद्यासमोर बसायचं. दाब चढवायला घाई चालत नाही. तेल पंपातून इतकं सावकाश सरकतं, की आकडा हलतोय की नाही असं वाटावं. मी आकड्याकडे बघत बसले. मला ते बरं वाटत होतं. कोणी हात धरत नव्हतं, कोणी 'धीर धरा' म्हणत नव्हतं.

दाब भरला. हीटर चालू केला. काच तापली की आधी तिच्यात स्फटिक उगवतात, पडद्यावर टोकदार रेघा उभ्या राहतात. आणखी तापवलं की ते वितळतात, रेघा जातात आणि मऊसा उंचवटा उरतो. तो उंचवटा म्हणजे द्रव. त्यासाठी सगळा खटाटोप. रेघा उगवल्या. मी तापमान वाढवायला सांगितलं. तेवढ्यात हीटरचा प्रवाह उडी मारून वर गेला आणि एकदम शून्यावर आला.

"फाटला," प्रेसवाला म्हणाला. त्याचा स्वतःच्या तोंडावर विश्वास बसत नव्हता.

"होतं कधीकधी."

"सोनारांच्या सेलचं नाही होत."

"आता झालं ना? अकरा नंबर लावा."

अकरा नंबराचंही तेच झालं. दहा नंबर थोडा जास्त टिकला, पण वितळायच्या आधीच गेला. दोन दिवस त्यातच खर्ची पडले. प्रेसवाल्यानं पंप तपासला, तारा तपासल्या, ऐरणी पुसून परत पुसल्या. त्याला दोष स्वतःच्या यंत्रात सापडायला हवा होता. शेवटी माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला. एखाद्या मेलेल्या माणसाचं कपाट उघडायची परवानगी मागावी तशा सुरात म्हणाला, "मॅडम, उरलेले जरा आतून बघून घेऊया का?"

मी मान हलवली.

नऊ नंबर लावला. दाब नाही, उष्णता नाही, नुसता एक्स-रे. पडद्यावर सेलचं पोट दिसलं. कॅप्सूल मधोमध असायला हवी. ती मध्यापासून उजवीकडे सरकलेली होती. तिच्या उजव्या अंगाला पूड नेहमीसारखी, आखीव, ठासून भरलेली. डाव्या अंगाला भला मोठा उजळ डाग. म्हणजे तिथे किरण अडवायला काही नव्हतं. पोकळ होतं.

आठ नंबर. डाग तिथेच, थोडा लहान. सात नंबर. आणखी लहान. असं करत एक नंबरापर्यंत आलो. एक, दोन आणि तीन नंबर सोनाराचेच वाटत होते, कुठे केसभर फट नाही. चार नंबरात डावीकडे पुसटशी फिकट कड दिसत होती. माहीत नसतं तर नजरेतून सुटली असती.

"चष्म्याचा नंबर वाढला असेल," प्रेसवाला म्हणाला. "किंवा बाकावरचा दिवा हलला असेल. एका बाजूनं उजेड आला की होतं असं."

"दिवा हलला असता तर सगळ्यांत सारखीच चूक आली असती. अवजाराची चूक एकाच मापाची असते. ही वाढत गेलीय."

हे मी अगदी शांतपणे म्हणाले. अशी चढती चूक समोर आली की ती कुठून सुरू झाली ते शोधायचं, एवढंच मला येतं. चार नंबर त्यानं कधी भरला असेल, ते मी मनात मोजलं. तो माझ्याकडे बघेनासा झाला, त्याच सुमाराला.

म्हणजे मिळालं उत्तर. त्याचं घरातूनच नाही, कामातूनही मन उठलं होतं. ज्या माणसानं आयुष्यात वाकडी झाकणी बसवली नाही, त्यानं पोकळ सेल भरून त्यावर नंबर घालून डब्यात ठेवले. आपण गेल्यावर हे फुटले तर फुटले. ज्याला जायचंय तो कशाला पूड ठासत बसेल? त्यापुढे खांब आला. ओळीनं सगळं जुळत होतं. मला वाटलं होतं, उत्तर मिळालं की काहीतरी होईल मला. काही झालं नाही. फक्त तहान लागली.

"आता?" प्रेसवाल्यानं विचारलं.

"एक नंबर लावा. तो चांगला आहे."

"मॅडम, चांगले तीनच राहिलेत. निदान..."

"लावा हो."

त्यानं लावला. दाब चढायला लागला. आता बराच वेळ करण्यासारखं काही नव्हतं. मी पडद्यावरच्या चित्रांचे फोनवर फोटो काढले, पाण्याची बाटली घेतली आणि बाहेरच्या लांब ओसरीवजा गल्लीत एका बाकावर जाऊन बसले. ताईंनी प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. कोणाचं काही द्यायचं राहिलं की मला चैन पडत नाही. फोटो पाठवले आणि फोन लावला.

"ताई, तुम्ही विचारलं होतंत ना. मुद्दाम केलं त्यानं."

पलीकडे भांडी वाजत होती ती थांबली. "काय झालं? कोणी काही सांगितलं का?"

"फोटो पाठवलेत ते बघा. त्यानं भरलेले सेल आहेत. पहिला चांगला आहे, पुढे बिघडत गेलेत. सोडून दिलं होतं त्यानं सगळं. महिन्यामहिन्यानं सोडत गेला."

"थांब, बघते." मग बऱ्याच वेळानं, "मला यातलं काही कळत नाही ग. हा उजळ डाग कसला?"

"पूड भरायची राहिलीय तिथे. चारी बाजूंनी भरायची असते."

"मग सगळ्यांत एकाच बाजूला कसा राहिलाय?"

"डाव्या बाजूला राहिलाय."

"कोणाच्या डाव्या?"

ताई नर्स आहेत, म्हणून त्यांनी असं विचारलं. दुसऱ्या कोणी नसतं विचारलं. मी सांगितलं की सेलला एक खाच असते, ती तो नेहमी पोटाकडे करून बसायचा, इतकी वर्षं त्यात कधी फरक नाही. यंत्रात ती खाच आमच्याकडे असते. म्हणजे पडद्यावर आम्ही सेल बघतो तो त्याच्या खुर्चीतून बघितल्यासारखाच. डावं ते त्याचं डावं.

"आणि उजवीकडे?"

"उजवीकडे नेहमीसारखं. एकदम आखीव."

मग त्यांनी विचारलं तेव्हा त्यांचा आवाज वेगळा होता, ड्यूटीवरचा. "जेवताना टाकायचा का तो? ताटात कुठलं टाकायचा?"

मी डोळे मिटले. ताट रोज मीच उचलायचे. निम्मं चाटूनपुसून स्वच्छ, निम्मं जसंच्या तसं, मध्ये रेघ मारल्यासारखं. खरकटं काढताना माझ्या बोटांना सवय झाली होती, कुठून काढायचं त्याची. आणि हे सवय झालेलं डोक्यात कधी शिरलंच नव्हतं.

"डावीकडचं," मी म्हणाले.

"दाढी?"

"डावा गाल."

"दाराबिराला धडकायचा का?"

"डावा खांदा. शर्टाला तिथेच रंग लागायचा."

"डोकं दुखायचं?"

"हो."

"आणि पुलाचा खांब रस्त्याच्या कुठल्या बाजूला होता?"

हे त्यांना माहीत होतं. जागा बघायला त्याही आल्या होत्या. तरी मी सांगितलं.

"अग, आमच्या वॉर्डात असे पेशंट येतात," ताई म्हणाल्या. आता त्या रडत होत्या, तरी बोलणं थांबवत नव्हत्या. "मेंदूत उजवीकडे गाठ होते, नाहीतर रक्त साकळतं. डोळे चांगले असतात त्यांचे. पण डावी बाजू त्यांच्या लेखी उरतच नाही. आणि नाही हेही त्यांना कळत नाही, म्हणून ते कोणाला सांगत नाहीत. अर्धं जेवतात आणि वर म्हणतात, संपवलं. चांगले शिकलेसवरलेले. आम्ही ताट फिरवून ठेवतो, की परत जेवायला लागतात. इतकं साधं असतं ग. मी करंटी बहीण, सहा महिने फोनवर बोलत राहिले त्याच्याशी, एकदा येऊन बघितलं नाही. फोनवर काय दिसणार?"

"खात्रीनं सांगता येईल?"

"आता कसं येणार? डोकं कोणी तपासलं नाही, आता काय उरलंय तपासायला. पण मला शंका नाही. त्यानं काही सोडून दिलं नव्हतं. तो बिचारा त्याच्या मतानं पूर्ण भरत होता सेल. खांब नव्हताच त्याच्यासाठी. मुद्दाम नाही गेला तो."

मुद्दाम नाही गेला. हे ऐकायला मी जीव टाकत होते. आता ऐकलं, आणि बाटलीचं झाकण उघडायचं आणि लावायचं, उघडायचं आणि लावायचं, एवढंच करत राहिले.

"मी तुला नको ते विचारलं स्वयंपाकघरात," ताई म्हणाल्या. "मनात धरू नकोस."

"बरोबरच विचारलंत."

दार उघडून प्रेसवाल्यानं डोकं बाहेर काढलं. मी फोनवर आहे हे बघून दबक्या आवाजात, पण न राहवून म्हणाला, "मॅडम, वितळलं! काय सुंदर उंचवटा आलाय. या ना बघायला."

"मोजणी सुरू करा," मी म्हणाले. "तापमान हलू देऊ नका. आलेच."

तो आत गेला. एक नंबर काम करत होता. तास-दोन तास तो द्रव तसाच धरून ठेवायचा आणि मोजत राहायचं, मग एक नंबरही संपला. मी उठून उभी राहिले. आणि परत बाकावर बसले.

"ताई."

"काय ग?"

"जेवताना मी त्याच्या डाव्या हाताला बसायचे. टेबल भिंतीला लागून आहे ना, दुसरीकडे जागाच नाही. सोफ्यावरपण तीच बाजू माझी. पलंगावरपण. लग्न झाल्यापासून."

बाटली मी बाकावर ठेवली.

"तो माझ्याकडे बघायचा नाही म्हणून मी बोलणं टाकलं. आणि मी बोलत नव्हते, मग मी आहे हे त्याला कळायचं तरी कशावरून?"

"असं नको बोलूस. कोणाला कळतं हे? मी नर्स असून..."

"ऐका ना. एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही." माझ्या तोंडात खारट पाणी यायला लागलं तेव्हा कळलं, की मी रडतेय, आणि केव्हाची रडत असेन कोण जाणे. मला त्याची आठवण येत होती. गालावरची भूल उतरते तेव्हा आधी बरं वाटत नाही, आधी नुसतं ठणकतं. "त्या दिवशी तो निघाला ना, तेव्हा दाराशी थांबला. मी तिथेच होते. त्याचा डबा घेऊन उभी होते, हात लांब केला असता तर लागला असता त्याला, इतकी जवळ. आणि त्यानं हाक मारली. घरात आतपर्यंत ऐकू जाईल अशी. 'आहेस का ग? निघतो मी.' मला वाटलं, टोमणा मारतोय. बाजूलाच उभी असून विचारतोय, आहेस का. म्हणून मी ओ दिली नाही."

"मग?"

"मग काही नाही. तो थोडा वेळ तसाच थांबला, उत्तराची वाट बघत. मग हळूच दार ओढून घेतलं त्यानं. मी झोपले असेन असं वाटलं असणार त्याला."